गुलाबी पावत्या

बर्फाच्या कारखान्यात पावतीच्या तीन प्रती निघतात.
पांढरी होडीवाल्याला, पिवळी मालकाला,
गुलाबी कुणालाच नको असते.
तिच्या पाठीवर मी शब्द लिहिते.

पुढून : लाद्या बारा, खवळे तांडेल, उधार.
मागून : मूर.

पुस्तक वाचनालयाने रद्दीत काढलेलं,
तळवडेकरांनी वजनात न धरता दिलं.
पहिली सहा पानं कसरीच्या पोटात,
त्यामुळे लिहिलं कुणी, पुस्तकाचं नाव काय, ठाऊक नाही.
एक बाई आहे. तिला कुणी पत्र पाठवत नाही.
आणि ती चालते, पानंच्या पानं चालते, मूरवर.

मला आधी वाटलं, मोराचं काहीतरी असेल.
मुलाच्या छोट्या डिक्शनरीत निघालं : होडी बांधून ठेवणे.
आता होडी बांधण्यावर बाई कशी चालेल?
जाड कोश वाचनालयाबाहेर नेता येत नाही,
सहाच्या आत जाऊन, उभ्यानेच, दुसरा अर्थ गाठला :
उंचावरची उघडी जमीन, झाड नाही,
वारा, बारीक जांभळी फुलं.

बाबल मोंडकर बर्फाला आला नव्हता, नुसताच आला होता.
त्याला वाचून दाखवलं.
म्हणाला, "अगो, हो तर आपलो सडो."

वीस वर्षं मी सड्यावरून एसटी धरायला जाते,
भाद्रपदात कातळावरच्या पाण्यात चप्पल हातात घेऊन,
सीतेच्या आसवांवर पाय पडू नये म्हणून वाकडी वाकडी.
त्या रात्री बाईच्या हातातही मी चपला दिल्या.
बरी चालू लागली.

सगळेच शब्द धरायचे नसतात, हे मला जाळ्याने शिकवलं.
आस बारीक ठेवला तर पिल्लंही येतात,
मग पुढच्या वर्षी दर्यात काय राहील?
एकदाच दिसलेला शब्द मी सोडून देते.
जा बाबा, मोठा हो.
तिसऱ्यांदा आडवा आला की मात्र पावती फाडते.

पान एकशे अठ्ठ्याऐंशीवर भांडण होतं.
तोवर तिला 'यू' म्हणणारा माणूस
एकदम 'दाऊ' म्हणतो.
कोश म्हणतो, जुना शब्द, एकवचनी, आता वापरात नाही.
मी स्टुलावर बसलेच.
म्हणजे यांच्याकडेही 'तू' होता!
देवाला, लेकराला, रागाला, आणि त्या एका माणसाला
म्हणायचा वेगळा 'तू',
आणि यांनी तो वापरायचा सोडून दिला?
शाळेत बाईंनी कधी सांगितलं नाही.
त्या दिवशी दोन लाद्यांचे पैसे मी चुकवले
आणि पगारातून भरले.

एक शब्द मात्र जमत नव्हता.
विस्टफुल. अकरा वेळा आला.
कोशात खिन्न, पुढे उत्कंठित, मधे स्वल्पविराम.
खिन्न माणूस वाट बघत नाही,
उत्कंठित माणूस असा बसत नाही.
पावती कोरी ठेवून कोयत्याखाली दाबली.

चार वाजता होड्या आल्या.
आनंदवाडीच्या जेटीवर बाबल नेहमीच्या खुंटाशी,
ज्याला आता दुसऱ्याची दोरी असते.
येईल ती होडी मोजत होता,
ओठ हलत होते, आवाज नव्हता,
आणि सगळ्या आल्या तरी
मोजणं थांबवत नव्हता.

मी लिहिलं. तारीख, वार, वेळ,
बाबल मोंडकर, जेटी, ओहोटी.
घाईत पावती सुलटीच धरली होती,
तेव्हा लाद्यांच्या रकान्यात गेलं.

तो खिडकीशी आला. "काय लिवतस गो?"
"तुझ्या नावावर बर्फ."
"बर्फ?" तो हसला.
"माझी होडी खंय आसा आता?"

मागे कोयता लादीवर पडला, खच्.
मी म्हटलं, थांब,
एक तुकडा घेऊन जा, घरी सरबताला.
तो थांबला.
पावतीच्या तिन्ही प्रती अजून
पुस्तकाला चिकटलेल्याच आहेत.